इंजिन निवेपर्यंत

जुनी मोटरसायकल बघायला गेलात की मालकाच्या चहाला हात लावण्याआधी इंजिनाला लावावा. तळहात नव्हे, पालथा हात. तळहात भाजला तर आठवडाभर भाकरी थापता येत नाही आणि घरची माणसं चपातीवर तोंड वाकडं करत बसतात. हे मला कुणी शिकवलं नाही, भाजूनच कळलं. इंजिन गार असेल तर चहा घ्यावा आणि बोलणं सुरू करावं. गरम असेल तरी चहा घ्यावाच, पण मग ऐसपैस बसावं आणि ते निवेपर्यंत उठू नये.

कारण साधं आहे. तापलेली गाडी शेंबडं पोरसुद्धा चालू करतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. गिऱ्हाईक यायच्या आधी तो गाडी फिरवून आणतो, पुसूनपासून उभी करतो आणि तुमच्यासमोर नुसता पाय ठेवल्यासारखं करतो. "बघा काकू, हाफ किक!" दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी तुमच्या दारात उभी राहून तुमची पोटरी सुजवते.

सांगलीशेजारच्या माधवनगरात आमच्या मालकांचं गॅरेज होतं. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांना गाडीशी बोलता यायचं, माणसाशी नाही. म्हणून आधी मी नुसता चहा सांगायला बसायची, मग पाने हातात द्यायला लागले, आणि जुन्या गाड्यांचं घेणं-विकणं सुरू झालं तेव्हा बोलायचं सगळं खातं माझ्याकडे आलं. लोक मला 'गाडीवाल्या काकू' म्हणायला लागले. मला त्याचा इतका माज आला, की पहिल्या वर्षात मी गॉगल घेतला. मेकॅनिकच्या बायकोला गॉगल कशाला लागतो, हे आजवर मला सांगता आलेलं नाही.

त्या गॉगलवाल्या बाईची एक गोष्ट सांगते.

मालक पुतण्याच्या लग्नाला गेले होते. गॅरेजात मी एकटी. एक माणूस आला. बारीक केस, ताठ मान, बूट चकाचक. सोबत मोटरसायकल, तीही बुटांसारखीच चकाचक. म्हणाला, "काकू, फौजीची गाडी हाय. फकस्त सुट्टीत चालवलेली."

आमच्या सातारा-सांगलीकडे या एका वाक्यावर किती गाड्या विकल्या गेल्या असतील, देव जाणे. घरटी एक माणूस फौजेत. तो सुट्टीवर येतो, गाडी घेतो, महिनाभर फिरवतो आणि पोस्टिंगवर जातो. गाडी गोठ्याशेजारी झाकून राहते. अशी गाडी म्हणजे लग्नातली पैठणी, वापर कमी आणि काळजी जास्त. असं सगळ्यांना वाटतं, तसं मलाही वाटलं. आकडा बघितला तर फारच थोडे किलोमीटर. मी त्याला पोहे खाऊ घातले, दोन वेळा चहा पाजला, गाडी घेतली, चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला आणि मालकांची वाट बघत गॉगल लावून बसले.

मालक आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या कॅरिअरवरून बोट फिरवलं. दोन्ही बाजूंचा रंग उडाला होता, लोखंड घासून चांदीसारखं लखलखत होतं. मी ते मुद्दाम पॉलिश केलंय असं समजून कौतुकानं बघितलं होतं. मालकांनी विचारलं, "हिथं काय टांगत हुते?"

"काय टांगत हुते?"

"दुधाचं कॅन."

फौजी सीमेवर होता, गाडी डेअरीवर. धाकटा भाऊ रोज दोन वेळा त्या गाडीवरून दूध घालायचा, आणि आकडा पळू नये म्हणून मीटरची केबल काढून ठेवायचा. सुट्टीत भाऊ आला की केबल परत जोडायची. मालकांनी माझ्या गॉगलकडे बघितलं. ते हसले. मालक वर्षातून दोनदा हसायचे, त्या वर्षीचं दोन्ही वेळचं त्यांनी त्या दिवशीच उरकलं. गाडी विकली नाही. मला रोज दिसेल अशी दारात उभी करून ठेवली. शेवटी त्याच गाडीवर मी चालवायला शिकले आणि तीच उघडून उघडून आतलं सगळं शिकले. म्हणजे पोहे अगदीच वाया गेले नाहीत.

तेव्हापासून 'फौजीची गाडी' हे शब्द कानावर आले की माझे कान उभे राहतात.

आणि गेल्या उन्हाळ्यात तेच शब्द माझ्या नातीनं, ऋतुजानं उच्चारले.

ऋतुजा नर्स आहे. तिची पहिली नेमणूक झाली माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर. वाड्या-वस्त्या लांब लांब, मधे उघडा माळ, एसटी सकाळी येते ती संध्याकाळीच परत दिसते. बाळंतिणी आणि पोरांची इंजेक्शनं एसटीची वाट बघत नाहीत. रस्ता असा दगडाळ, की छोट्या चाकांच्या स्कूटीचं तिथं काम नाही. मोटरसायकलच हवी. नवी घ्यायची तर पगार सुरू व्हायला हवा, आणि पगार सुरू व्हायचा तर गाडी हवी. तिचा बाप, म्हणजे माझा लेक संजय, म्हणाला, "नगंच ती नोकरी. सांगलीत काय निघंल तवा निघंल. माळावर गाडी बंद पडली तर फोनलाबी रेंज न्हाई तिथं." ऋतुजानं जेवण सोडलं. मग त्यानं तह केला: आज्जी छातीवर हात ठेवून म्हणेल की ही गाडी पोरीला मधेच सोडणार नाही, तरच जायचं. आणि हजर व्हायचं होतं सोमवारी.

म्हणजे पोरीची नोकरी माझ्या पालथ्या हातावर येऊन बसली. नको म्हणावं तर नोकरी जाते, चुकीची गाडी घ्यावी तर पोर माळावर अडकते. आम्ही सांगलीतल्या बऱ्याच गाड्या बघितल्या. आता सगळं फोनवर चालतं, फोटो येतात. फोटोत इंजिन कायम गारच दिसतं. एका गाडीच्या हेडलाइटच्या काचेत आतून गाळाची बारीक रेघ होती. सीट उचललं तर फोमला नदीचा वास. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही धुवा, ती पाणी विसरत नाही. आज वायर, उद्या बेअरिंग, असं एकेक गंजत जातं. मी नको म्हणत गेले आणि ऋतुजाचं तोंड बारीक होत गेलं.

शनिवारी ती म्हणाली, "आज्जी, साताऱ्यात एक आहे. रिटायर्ड सुभेदार आहेत. फौजीची गाडी."

"डेअरी कुटं हाय त्यांच्या घराजवळ?" मी विचारलं.

सुभेदारांनी फोनवर बजावलं होतं, "धा वाजता या. धा म्हंजे धा." आम्ही रविवारी साताऱ्याच्या स्टँडवरून रिक्षा करून धाच्या ठोक्याला फाटकात उभ्या. सुभेदार बाहेरच होते. सत्तरीचे, मिशा वळवलेल्या. गाडी झाडाखाली, सव्वाशे सीसीची, काळी, स्वच्छ. मी नमस्कार केला आणि पालथा हात इंजिनाला लावला.

चांगलंच गरम.

"साहेब, गाडी तापलीया."

"व्हय. आत्ताच आणली फिरवून."

"कशाला?"

सुभेदारांनी मिशीला पीळ दिला. "कंदी पेढं आणाय गेलतो. पावनं येणार, त्यास्नी काय मोकळा च्या पाजायचा?"

आमच्या धंद्यात गरम इंजिनाची नाना कारणं मी ऐकली. कुणाला दवाखान्यात सोडलं, कुणाच्या बोकडाला आणलं. पेढे पहिल्यांदाच ऐकले. ऋतुजा माझ्या कानात म्हणाली, "आज्जी, खरंच असेल."

"मग आमी थांबतो," मी म्हणाले.

"कुठवर?"

"निवंस्तवर."

"आवं बाई, उन्हाळा हाय. दुपारपतूर निवायची न्हाई ती."

"मग दुपारपतूर बसतो."

सुभेदारांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्यांनी आयुष्यभर नव्या रंगरुटांकडे बघितलं असेल. मग घराकडे तोंड करून ओरडले, "आगं ए, चार भाकरी जास्तीच्या टाक! पावनं मुक्कामाला आल्यात."

गाडी निवेपर्यंतचा वेळ फुकट घालवायचा नसतो. बघण्यासारखं पुष्कळ असतं. आकडा खोटं बोलू शकतो, पण पाय ठेवायचं रबर बोलत नाही. कमी चाललेल्या गाडीचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर समजावं, केबलची गंमत झाली आहे. इथलं रबर आकड्याला शोभेल इतकंच झिजलेलं. कॅरिअरचा रंग शाबूत, कॅन कधी टांगलेले नाहीत. चेनच्या चाकाचे दाते नव्यासारखे बोथट, झिजून टोकदार झालेले नाहीत. हेडलाइटमध्ये पुराची रेघ नाही. सांगलीची नसली म्हणून काय झालं, गाड्यांना चाकं असतात. आरसी बुकातला चेसिस नंबर मी चष्मा पुसून लोखंडावरच्या नंबराशी ताडून बघितला. बँकेचा बोजा नव्हता.

मग एक गोष्ट दिसली. तीन इंडिकेटर उन्हानं पिवळे पडलेले, डावीकडचा पुढचा मात्र कोरा करकरीत. क्लचच्या दांडीचं टोक खरचटलेलं. डावं फूटरेस्ट किंचित वर उचललेलं.

"साहेब, गाडी पडली का कधी?"

"न्हाई."

"इंडिकेटर नवा दिसतोय."

"पोरांनी बॉल मारला."

बॉलनं इंडिकेटर फुटतो. क्लचची दांडी घासत नाही.

पडलेली गाडी कशी ओळखायची, हे मला माणच्याच एका मेंढरं पाळणाऱ्या मामांनी शिकवलं होतं. भाचा गाडी घ्यायला आला, मामा बरोबर. मी तेव्हा भारी तोऱ्यात, इंजिनाची माहिती धाडधाड सांगत होते. मामांनी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. भाच्याला म्हणाले, "ढकल रं जरा." आणि स्वतः मागं जाऊन उकिडवे बसले. "बाई, ही मागचा पाय वाकडा टाकतीया." मी हसले. म्हटलं, मामा, ही मेंढी नव्हे. मालकांनी दोरी लावून मोजलं, तर मागचं चाक खरोखरच रेषेबाहेर. चेसिसच वाकली होती. मी त्या दिवशी गॉगल काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

सुभेदारांच्या अंगणात मी ऋतुजाला म्हणाले, "ढकल." आणि उकिडवी बसले. माझ्या गुडघ्यांचा आवाज सुभेदारांनाही ऐकू आला. दोन्ही चाकं एका रेषेत. सरळ, अगदी भांगासारखी. म्हणजे गाडी पडली होती, पण हळू पडली होती. काहीही बिघडलेलं नव्हतं. मग माणूस खोटं का बोलतो? एवढ्याशा गोष्टीला जो खोटं बोलतो, त्यानं मोठं काय झाकलं असेल?

जेवायला घेवड्याची आमटी होती. इतकी सुरेख, की माझा संशय दोन वाट्या पातळ झाला. सुभेदार हात धुवायला बाहेर गेले. सुभेदारीणबाईंनी पेढ्यांचा पुडा उघडला आणि म्हणाल्या, "घ्या ताई. काल पोरगा दुकानातनं येताना घेऊन आलता."

"काल?"

"व्हय, काल सांच्याला."

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. म्हणजे सुभेदार पेढे आणायला गेलेच नव्हते म्हणायचं. गाडी तापवून ठेवली होती. तीच जुनी युक्ती, आणि वर फौजीच्या मिशा.

"साहेब गाडी कशापायी इकत्यात?" मी विचारलं.

"काय सांगितलं तुमास्नी?"

"पोरानं कार घेतली म्हणून."

बाई हसल्या. "त्या कारला हात लावत न्हाईत ते. ताई, तुमी त्यास्नीच इचारा. मी बोलले तर हप्ताभर रुसून बसायचे."

मी बाहेर आले ती "ऊठ ऋतुजा, चल" म्हणायलाच. ऋतुजा गाडीजवळ पायरीवर बसली होती. तिनं पालथा हात इंजिनाला लावला होता. आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. माझी चाहूल लागताच म्हणाली, "आज्जी, आता अगदी कोमट आहे. थोडाच वेळ."

मला उठवेना तिला. मी खाटेवर बसले. समोर सुभेदार पान लावत होते. माझ्या आयुष्यात विकणाऱ्याकडून खरं काढायची एकच रीत मला सापडली आहे: आधी आपली फजिती सांगायची.

"साहेब," मी म्हणाले, "गेल्या वर्साला मी गाडी सोडली. का ठावं हाय? चौकात सिग्नलला उभी हुते. गाडी जागची हलत न्हवती. पाय टेकवला, तर पाय तिथं न्हवताच. हळू हळू, झाड पडावं तशी आडवी झाले. सगळा चौक बघतोय. भाजीवाल्या बायांनी उचलली मला. घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं."

"आज्जी!" ऋतुजा उडालीच. "तू म्हणालीस काळं कुत्रं होतं!"

"रंग बी मीच दिला."

सुभेदार हसले नाहीत. पान तसंच हातात धरून बसले. मग म्हणाले, "तो बॉल तुमच्या कुत्र्यासारखाच हाय, बाई."

त्यांनी पान खाली ठेवलं.

"मिलिटरी कॅन्टीनम्होरं लाइन लागलीती. सगळे माझ्याच पलटणीतले. काही पोरं मला सॅलूट ठोकत हुती. मी गाडी थांबवली, डावा पाय टेकला आनि गुडघा गेला. गाडी न्हाई पडली, बाई. मी पडलो. ती आपली माझ्यासंगं आली."

आत भांडी घासायचा आवाज थांबला होता.

"पोरालाबी बॉलच सांगितलाय," ते म्हणाले. "म्हणून इकतोय. परत त्या लाइनीम्होरं पडायचं न्हाई मला."

"आनि पेढं?" मी विचारलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ही दळणाला गेलती. म्हटलं, तुमी येणार, घेऊन जाणार. निस्ता एक राउंड मारून आलो. यवतेश्वराच्या घाटाच्या पायथ्यापतूर. शेवटचा." आणि घाईनं म्हणाले, "पेढं आपलं तोंडात आलं ते बोललो."

"ऐकलं बरं का मी!" आतून सुभेदारीणबाईंचा आवाज आला. "परत चालवणार न्हाई म्हणून गुडघ्यावर हात ठेवून शपथ घेतलीती तुमी!"

ऋतुजा पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावून हसत होती. मी हसले, पण मनाला एक गोष्ट खटकलीही. इतकी वर्षं गरम इंजिनाला हात लावला की मी विकणाऱ्याला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळी व्हायची. त्यातले किती जण नुसते एक शेवटची फेरी मारून आले असतील? मी कधी विचारलंच नाही. नुसती बसून राहायची, निवायची वाट बघत.

गाडी निवली. आता हात लावला तर माठासारखी गार. ऋतुजा उठली. किक घेणाऱ्यानंच मारायची असते, विकणाऱ्यानं नाही. विकणाऱ्याच्या पायाला गाडीची सवय असते.

पहिली किक. काही नाही.

दुसरी. काही नाही. सुभेदार पुढं सरसावले. मी आडवी आले. "लांब, साहेब. लांब."

"आवं पर ती चोक..."

"तिची ती बघंल."

ऋतुजानं मान वाकवली, चोक ओढला आणि तिसरी किक मारली. गाडी सुरू झाली. आधी जरा खोकली, मग एका सुरात लागली. धूर पहिल्यांदा पांढरट, मग दिसेनासा. निळा धूर आला असता तर इंजिन ऑइल पितंय म्हणायचं. तसं काही नाही. टॅपेटचा बारीक आवाज, शिलाई मशीन चालावं तसा. पहिल्याच किकला सुरू झाली असती, तर खरं सांगते, मला पुन्हा पेढ्यांची आठवण झाली असती.

आता राहिली फेरी. गाडी कशी आहे ते मागच्या सीटवर बसलं की कळतं. पुढचा चालवण्यात गुंग असतो, मागच्याला प्रत्येक दणका मणक्यात मोजता येतो. पण माझे गुडघे उकिडवं बसण्यातच संपले होते.

"मी बसतो मागं," सुभेदार म्हणाले, आणि कुणी हो म्हणायच्या आत हेल्मेट घालून बसलेसुद्धा. ताठ, दोन्ही हात मांडीवर, परेडला निघाल्यासारखे. दोघं गेली. आम्ही दोघी बाया फाटकात उभ्या. सुभेदारीणबाई पुटपुटल्या, "आता तरी शेवटचं असूंदे." पण बघत मात्र होत्या वळणाकडं, टाच उंचावून.

आली परत. सुभेदार उतरले, या खेपेला दोन्ही पायांवर नीट. मी विचारलं, "कशी हाय गाडी?"

"गाडीचं काय इचारता? गाडी मला म्हाईत हाय." ते ऋतुजाकडे वळले. "पोरगी उतारावर क्लच दाबत न्हाई. खड्डा लांबनं बघती. पास."

मी आयुष्यभर विकणाऱ्यांना पारखत आले. हा माणूस सकाळपासून घेणाऱ्याला पारखत होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आमचे मालक असते तर तिसऱ्यांदा हसले असते.

संध्याकाळी संजयला फोन केला. "घेतली. छातीवर हात ठेवून सांगते."

"कुणाची हाय?"

"फौजीची."

"कॅरिअर बघितलंस का?" त्यानं लगेच विचारलं. दुधाच्या कॅनची गोष्ट आमच्या घरात पोरं झोपवायला सांगतात.

ऋतुजा सोमवारी हजर झाली. गाडीनं तिला अजून माळावर सोडलेलं नाही. एकदा पंक्चर झाली, पण त्यात गाडीचा दोष नाही, बाभळीचा आहे. ऑइल कधी बदललं, चेन कधी ओढली, हे ती मला सांगत नाही. सुभेदारांना सांगते. ते मग मला फोन करतात: "बाई, पोरगी चोक उघडाच ठेवती. बोला तिला." मी बोलते. ती म्हणते, त्यांचं आधीच बोलून झालंय.

परवा ती साताऱ्याला मीटिंगला गेली होती. दुपारी सुभेदारीणबाईंचा फोन आला.

"ताई, तुमची नात आलती. आमच्या ह्यास्नी मागं बसवून घेऊन गेली गावात. दोन तास पत्ता न्हाई दोघांचा."

"कुटं गेलते म्हणं?"

"पेढं आणाय," बाई म्हणाल्या. "या खेपेला खरंच आणल्यात. मी पुडा उघडून बघितला."